तुळशीचा तांब्या आणि कुंडीतली चिलटे

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या घरी चहाचा कप टेबलावर ठेवून जरा वर्तमानपत्र उलटावे, तोच त्यात एखादे काळे चिलट तरंगताना दिसू लागले. पहिले आठ-दहा दिवस मी सगळा दोष फळांच्या टोपलीला दिला. केळी फडताळात झाकून ठेवली, ओट्याखालचा कचऱ्याचा डबा दिवसातून दोनदा रिकामा होऊ लागला, मोरीच्या जाळीवर उकळते पाणी ओतून झाले, तरी चिलटांच्या संख्येत काही फरक पडेना. मग एका संध्याकाळी खिडकीजवळची मनीप्लँटची कुंडी पुसण्यासाठी सरकवली आणि तिच्या मातीवरून पंचवीस-तीस बारीक काळे ठिपके धुराच्या भपकाऱ्यासारखे वर उठले. फळांची टोपली निर्दोष होती. दोष माझ्या कुंड्यांचा होता, आणि नीट विचार केल्यावर लक्षात आले की तो कुंड्यांचाही नसून त्यांना पाणी घालणाऱ्या हातांचा होता.

घरात दिसणाऱ्या सगळ्याच बारीक माश्यांना आपण चिलटे किंवा घुंगुरटी म्हणून मोकळे होतो, पण उपाय करायचा असेल तर त्यांच्यातला फरक ओळखावा लागतो. पिकलेल्या फळांवर घोंगावणारी चिलटे अंगाने बुटकी, पिवळट तपकिरी आणि बहुधा लाल डोळ्यांची असतात. न्हाणीघराच्या भिंतीवर पंख पसरून बसणारी माशी केसाळ असते आणि छोट्या पतंगासारखी दिसते. कुंडीतले चिलट या दोघांहून निराळे, काळपट, सडपातळ, लांब पायांचे, दोन-तीन मिलिमीटरचे, म्हणजे डासाची लहानशी प्रतिकृती म्हणावे असे. उडण्यात ते अगदी दुबळे असते. धक्का लागल्यावर थोडे वर उठते आणि पुन्हा मातीवर उतरून तिथेच लगबगीने पळत सुटते. ते चावत नाही. बागकाम करणारे त्याला फंगस नॅट या इंग्रजी नावाने ओळखतात, शास्त्रीय वर्गीकरणात ते सायरिडी कुळात येते, आणि कुंड्यांमध्ये सापडणाऱ्या बहुतेक जाती ब्रॅडिसिया या प्रजातीतल्या असतात. अळिंबीची लागवड करणाऱ्यांना हे कूळ चांगलेच परिचयाचे आहे, कारण या अळ्यांचे मुख्य अन्नच बुरशी.

हवेत उडणारे चिलट हे या प्रकरणाचे केवळ शेवटचे टोक आहे. मादी ओलसर मातीच्या भेगांमध्ये शंभर ते दोनशे अंडी घालते, ती चार-पाच दिवसांत उबतात, त्यातून निघालेल्या अळ्या सुमारे दोन आठवडे मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत राहून बुरशी, शेवाळ, कुजणारा पाला आणि प्रसंगी कोवळी मुळे खातात, मग तीन-चार दिवस कोषात जातात आणि चिलट होऊन बाहेर पडल्यावर जेमतेम आठवडा-दहा दिवस जगतात. हवामानानुसार हे चक्र तीन ते चार आठवड्यांचे असते आणि उबदार हवेत त्याहून लवकर पूर्ण होते. आपल्याकडच्या पावसाळ्यातले तापमान त्यांना अगदी मानवते. मी सुरुवातीला बाजारात मिळणारा डास-झुरळांचा फवारा कुंडीभोवती मारत होते आणि दोन दिवसांनी पुन्हा तितकीच चिलटे पाहून चिडत होते. ते तसेच होणार होते, कारण फवाऱ्याने मरणारी चिलटे वरची होती, आणि त्यांच्या पाठची पिढी खाली अंडी, अळी आणि कोष अशा तिन्ही रूपांत सुरक्षित होती.

अळ्या खरोखर आहेत की नाहीत, आणि कोणत्या कुंडीत किती आहेत, हे पाहण्याची एक जुनी, बिनखर्चाची पद्धत आहे. बटाट्याची अर्धा सेंटिमीटर जाडीची चकती कापून तिची ओली बाजू मातीवर किंचित दाबून ठेवायची आणि तीन-चार दिवसांनी उलटून पाहायची. मी आठ कुंड्यांमध्ये आठ चकत्या ठेवल्या. चौथ्या दिवशी सकाळी मोबाइलचा उजेड पाडून पहिली चकती उलटली, तेव्हा प्रथम काहीच दिसले नाही. डोळा सरावल्यावर मात्र बटाट्याच्या पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या, चकचकीत, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान अशा टिकल्या हलताना दिसल्या. प्रत्येक टिकली म्हणजे एका अळीचे डोके होते, आणि तिच्या मागे पाच-सहा मिलिमीटरचे इतके पारदर्शक शरीर होते की आत गिळलेल्या मातीची काळी रेघ आरपार दिसत होती. त्या एका चकतीवर मी अकरा अळ्या मोजल्या. मनीप्लँटच्या कुंडीत सात होत्या, जेडच्या कुंडीत एकही नव्हती. सर्वांत जास्त, म्हणजे मोजण्याचा नाद सोडावा लागला इतक्या, तुळशीच्या कुंडीत निघाल्या.

मोठ्या, जून झालेल्या झाडाला या अळ्यांमुळे सहसा फार इजा होत नाही, त्यामुळे घाबरून झाड उपटण्याचे कारण नाही. खरा फटका बसतो तो बियांपासून नुकत्याच उगवलेल्या रोपांना, मुळे फुटत असलेल्या छाटकलमांना आणि अडेनियमसारख्या मांसल बुंध्याच्या झाडांना. कोवळी मुळे कुरतडली जातात, त्या जखमांमधून मर आणणाऱ्या बुरशी आत शिरतात, आणि काही रोगकारक बुरशी तर ही चिलटे स्वतःच एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत पोचवतात. माझ्या ट्रेमधली टोमॅटोची चोवीस रोपे त्या महिन्यात एकामागून एक जमिनीलगत काळी पडून आडवी झाली. मी बियाण्याला नावे ठेवली आणि दुसरे पाकीट आणले. तीही रोपे गेली, तेव्हा कुठे ट्रेमधली कोकोपीट, म्हणजे मातीऐवजी वापरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा, उकरून पाहण्याची बुद्धी झाली.

आता मूळ कारणाकडे येते. आपल्या घरगुती बागकामात प्रेमापोटी केल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी या चिलटांना आवतण देणाऱ्या असतात. तांदळाचे धुवण कुंडीत ओतणे, गाळणीतला चहाचा चोथा तसाच बुंध्याशी टाकणे, आंबट झालेले ताक पाणी घालून झाडांना देणे, अर्धवट कुजलेले कंपोस्ट वर पसरणे, या प्रत्येक कृतीने मातीच्या वरच्या थरात बुरशी वाढते, आणि बुरशी वाढली की तिच्यावर जगणारे प्राणी येणारच. त्यात कोकोपीटची भर पडते. कोकोपीट हलकी, स्वच्छ आणि उपयोगी आहे याबद्दल वाद नाही, पण तिचा वरचा पापुद्रा फिकट तपकिरी होऊन कोरडा दिसू लागला तरी बोटाच्या पहिल्या पेराखाली ती पिळता येईल इतकी ओली असते. रंगावर विसंबून आपण पुन्हा पाणी घालतो. लाल मातीत ही फसगत कमी होते, कारण ती वाळली की कडेने कुंडी सोडते आणि स्पष्ट दिसते. शिवाय पावसाळ्यात खिडकीतली हवा इतकी दमट असते की एप्रिलमध्ये रोज पाणी मागणारी कुंडी ऑगस्टमध्ये आठवडाभर ओली राहते. आपला हात मात्र एप्रिलच्याच सवयीने चालत असतो. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी तर दुहेरी संकट आहे, कारण तिथे डेंग्यूचे डासही अंडी घालतात.

तुळशीच्या कुंडीतील अळ्यांचे रहस्य उलगडायला मला फार लांब जावे लागले नाही. सासूबाई रोज सकाळी अंघोळ झाल्यावर तुळशीला तांब्याभर पाणी घालतात, आणि हा क्रम माझ्या लग्नाच्या आधीपासून, म्हणजे किमान सत्तावीस वर्षे चालू आहे. त्यांच्या माहेरच्या अंगणात दगडी वृंदावन होते, त्यात घातलेले पाणी थेट जमिनीत मुरत असे, आणि तिथे तांब्याभर पाणी काहीच नव्हते. इथे बारा इंची कुंडी आहे, तिच्या बुडाची दोनपैकी दोन्ही भोके मुळांनी बुजलेली आहेत, आणि पाऊस वाऱ्याबरोबर गॅलरीत येतो तो वेगळाच. मी बटाट्याची चकती त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "अगं, पण तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी चहा कशी घेऊ?" या प्रश्नाला बागकामाच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नव्हते. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच देवघरातली पळी उचलली, तुळशीला पळीभर पाणी घातले, उरलेला तांब्या शेजारच्या कढीपत्त्याच्या मोठ्या पिंपात रिता केला आणि मला म्हणाल्या, "संध्येला आचमन पळीनेच करतात ना, मग तुळशीलाही चालेल." प्रश्न सुटला. नंतर आम्ही दोघींनी मिळून कुंडी आडवी केली आणि बुडाची भोके जुन्या विणकामाच्या सुईने मोकळी केली.

पाणी कमी करणे हा पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे, परंतु "कमी" या शब्दाने काही साधत नाही. रोज थोडे थोडे पाणी घालणे हे तर सर्वांत वाईट, कारण त्याने नेमका वरचा थरच सतत ओला राहतो. वरचा दीड-दोन इंचांचा थर पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मग बुडातून पाणी निथळेपर्यंत एकदाच भरपूर घालायचे, ताटलीतले पाणी लगेच ओतून टाकायचे आणि पुन्हा कोरडे होईपर्यंत थांबायचे. मी आता कुंडी एका बाजूने किंचित उचलून तिचे वजन पाहते. आठवडाभर हे केले की ओल्या आणि कोरड्या कुंडीतला फरक हाताला आपोआप कळतो, आणि त्यापुढे ओलावा मोजण्याच्या त्या दोन काट्यांच्या यंत्राची गरज राहत नाही. ते यंत्र मी विकत घेतले होते, हे इथे कबूल करते. कोकोपीटमध्ये ते दर वेळी निराळेच आकडे दाखवीत असे.

दुसरा उपाय पिवळ्या चिकट कार्डांचा. ही कार्डे कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात. मोठे कार्ड कापून त्याचे बोटभर रुंद तुकडे आइसक्रीमच्या काडीला लावावेत आणि मातीच्या अगदी लगत उभे करावेत, कारण ही चिलटे उंच उडत नाहीत. कार्डांनी चिलटांचा नायनाट होतो असा समज करून घेऊ नये. त्यांचा खरा उपयोग मोजणीसाठी आहे. मी दर रविवारी तुळशीच्या कुंडीतले कार्ड बदलून चिकटलेली चिलटे वहीत नोंदवत असे, आणि पाच आठवड्यांचे आकडे असे होते: ६३, ५८, ३१, ९, ४. दुसऱ्या आठवड्यात मी निराश झाले होते. पण मातीतल्या अळ्या आणि कोष आपापला काळ पुरा करून वर येणार हे ध्यानात घेतले, तर पहिले पंधरा दिवस आकडा फारसा हलत नाही याचे आश्चर्य वाटत नाही. बहुतेक लोक नेमके याच पंधरवड्यात उपाय सोडून दुसरा धरतात.

अळ्यांवर थेट मारा करायचा असेल तर माझ्या अनुभवात सर्वांत चांगले साधन बीटीआय. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा उपप्रकार १९७६ साली इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटात, डासांच्या अळ्या असलेल्या एका डबक्यात सापडला, आणि तेव्हापासून तो मुख्यतः डासांच्या अळ्यांसाठी जगभर वापरला जातो. त्यातील प्रथिनाचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याच्या पेशी फोडतात. माणसाला, कुत्र्या-मांजरांना किंवा गांडुळांना त्यापासून अपाय होत नाही. खरेदी करताना मात्र एक काळजी घ्यावी. दुकानात नुसते "बीटी द्या" म्हटले तर बहुधा कुर्स्टाकी हा उपप्रकार हातात पडतो, जो पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी असतो आणि चिलटांवर त्याचा काही उपयोग होत नाही. मी स्वतः तो एकदा आणून, महिनाभर घालून, मग डब्यावरचे बारीक अक्षर वाचले आहे. योग्य बीटीआय लेबलवर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून, झाडाच्या नेहमीच्या पाण्याच्या पाळीला, दर आठवड्याला एकदा असे तीन-चार वेळा द्यावे. ते अळीने खाल्ले तरच काम करते, अंड्यांवर आणि कोषांवर करत नाही, म्हणून एकदा घालून भागत नाही.

कडुनिंबाबद्दल आपल्याकडे मोठी श्रद्धा आहे आणि ती बऱ्याच अंशी योग्यही आहे, कारण त्यातील अझाडिरॅक्टिन अळीला कात टाकू देत नाही. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि ते मिसळण्यापुरता द्रवरूप साबण घालून केलेले द्रावण मातीत दिले तर फरक पडतो. निंबोळी पेंडीचे मात्र जरा वेगळे आहे. ती मातीत मिसळली तर ठीक, पण पावसाळ्यात मूठभर पेंड वरून भुरभुरली की दोन दिवसांत तिच्यावर पांढरी बुरशी धरते, आणि ज्यांना हाकलायचे त्यांनाच पंगत वाढल्यासारखे होते. हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रयोग सांगणारे परदेशी व्हिडिओ बहुतेक ३ टक्क्यांचे द्रावण धरून एकास चार भाग पाणी सांगतात, तर आपल्या औषधाच्या दुकानातली बाटली पुष्कळदा ६ टक्क्यांची असते, तेव्हा लेबल वाचून त्याला एकास नऊ पाणी घालावे. त्याच्या स्पर्शाने अळ्या मरतात, पण मातीतले उपयोगी जीवही मरतात, आणि काही वेळात त्याचे पाणी होऊन जात असल्याने पुढच्या पिढीवर त्याचा परिणाम उरत नाही. दालचिनीची पूड मी दोनदा वापरून पाहिली. घराला सुवास आला. जाड वाळूचा इंचभर थर घालण्याचा उपाय लहान कुंडीत थोडाफार चालतो, पण पाणी घालता घालता वाळू खाली मिसळते आणि चिलटे बुडाच्या भोकांतूनही ये-जा करतात.

मातीत दिसणारा प्रत्येक जीव शत्रू समजू नये, हेही याच उपद्व्यापात शिकले. पाणी घातल्यावर मातीवर टुणकन उड्या मारणारे पांढुरके ठिपके म्हणजे कुजलेले खाणारे निरुपद्रवी कीटक. पाणी कमी झाले की तेही कमी होतात. मोगऱ्याची कुंडी बदलताना इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या, करंगळीएवढ्या चार अळ्या निघाल्या, त्या मात्र विचार करायला लावणाऱ्या होत्या. उसाच्या आणि भुईमुगाच्या शेतकऱ्यांना मुळे खाणारी ही हुमणी काय करते ते सांगावे लागत नाही, आणि अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर ती कुंडीतही येते. पण अशाच दिसणाऱ्या काही भुंग्यांच्या अळ्या केवळ कुजलेला पाला खातात. ओळखण्याची एक गमतीची युक्ती अशी की अळी फरशीवर मोकळी सोडावी. ती उताणी होऊन पाठीवर सरपटत निघाली, तर ती पाला खाणारी. माझ्या चारपैकी तीन पाठीवर चालत गेल्या, त्यांना मी कंपोस्टच्या पिंपात सोडले. चौथी कुशीवर वेटोळे करून पडून राहिली, तिला कठड्यावर ठेवले आणि साळुंकीने तिचा निकाल लावला. शेतासाठी हुमणीवर मेटारायझियम ही बुरशी किंवा परोपजीवी सूत्रकृमी वापरतात, पण दहा-वीस कुंड्यांसाठी माती उलटून हाताने वेचण्याइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही.

झाड पाणी असूनही मलूल दिसत असेल आणि कुंडीत मुंग्यांची ये-जा असेल, तर मुळांचा गड्डा बाहेर काढून पाहावा. मुळांवर कापसाची बोंडे चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. त्याला वरून घातलेले कोणतेही द्रावण नीट पोचत नाही. माती पूर्ण झटकून, मुळे पाण्याच्या धारेखाली धुऊन, निंबोळी तेलाच्या पाण्यात बुडवून झाड नव्या मातीत लावणे भाग असते. या किडीसाठी एका रोपवाटिकेतल्या माणसाने मला कागदाच्या पुडीत थिमेटचे दाणे बांधून देऊ केले होते. थिमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, आणि अत्यंत विषारी असल्यामुळे केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर पूर्ण बंदी आहे. जिथे लहान मुले माती उकरतात आणि ज्या तुळशीची पाने प्रसादात पडतात, तिथे असले दाणे येऊच देऊ नयेत. त्याच रोपवाटिकेतून आणलेल्या जास्वंदीच्या मातीत चिलटेही होती, म्हणून आता नवे झाड आणले की तीन आठवडे, म्हणजे चिलटांचे साधारण एक चक्र, जिन्यातल्या खिडकीत पिवळ्या कार्डासह एकटे ठेवते.

या वर्षी मी मे महिन्यातच तयारी केली. जुनी माती आणि शिल्लक कोकोपीट गच्चीवर किंचित ओली करून चार बोटे जाडीच्या थरात पसरली, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा विटांनी दाबल्या आणि चार आठवडे तशीच तापू दिली. ओली माती उष्णता खोलवर नेते आणि पारदर्शक प्लास्टिक ती अडकवून ठेवते. शेतकरी उन्हाळी नांगरट करून मातीतले कोष उन्हात आणि पाखरांपुढे उघडे टाकतात, त्याचीच ही गच्चीवरची लहान आवृत्ती म्हणता येईल. तापलेली माती कोरड्या गोण्यांत तोंड बांधून ठेवली. मागच्या वर्षी मी ओली कोकोपीट पिशवीत भरून ठेवली होती, आणि पिशवी उघडताच आतून चिलटांचा थवा बाहेर पडला होता.

श्रावण सरत आला आहे. तुळशीच्या कुंडीतल्या कार्डावर या रविवारी दोन चिलटे होती, मनीप्लँटच्या कार्डावर एकही नव्हते. प्रश्न उरला आहे तो फक्त अळूच्या टबाचा. अळूला पाय कायम ओल्यातच हवेत, त्यामुळे कोरडे करण्याचा नियम तिथे लावता येत नाही, आणि अळूवड्यांवाचून श्रावण काढायला घरातले कोणीही तयार नाही. तेव्हा तो टब गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेला आहे, दर पंधरा दिवसांनी त्यात बीटीआय घालते, आणि कडेला उभ्या केलेल्या पिवळ्या कार्डावर दर आठवड्याला वीस-बावीस चिलटे चिकटतात, तेवढी आम्ही चालवून घेतो.